शेवाळाचं व्रत

इंदिराबाईंचा चातुर्मास सुरू झाला की अर्ध्या लोणावळ्याच्या पायांना आधार येई आणि त्यांच्या यजमानांच्या कपाळाला आठी.

आधार येण्याचं कारण शेवाळ. लोणावळ्याचा पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. दगड, विटा, कौलं, दारातला पाटा, जे म्हणून जागचं हलत नाही ते सगळं हिरवं होऊन जातं. एका वर्षी महादेवाच्या कुंडाच्या पायरीवरून दत्तोबा गुरव नैवेद्याच्या ताटासकट पाण्यात गेला. दत्तोबा वर आला, ताट वर आलं, नैवेद्य काही वर आला नाही. इंदिराबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की चातुर्मासात दर शनिवारी कुंडाच्या पायऱ्या आपण घासायच्या. तेव्हापासून त्या पदर खोचून, नारळाची शेंडी आणि वाडगाभर राख घेऊन बसत. मुखी शिवनाम, हाती शेवाळ. पायऱ्या संपल्या तरी हात थांबत नसे. मग देवळाचा ओटा, मग वाटेवरचा धोंडा, मग शेजारणींच्या मोऱ्या. शनिवारी दुपारी त्या गल्लीतून गेल्या की मागे सगळं भांडं घासल्यासारखं लख्ख.

आठीचं कारण वेगळं. यंदा त्यांनी जोडीला सत्याचा नेम धरला होता. खोटं बोलायचं नाही, थट्टेतही नाही, कुणाचं मन राखायलाही नाही.

यजमान, चिंतामणराव, स्टेशनावर पार्सल ऑफिसात होते. "नेम चांगला आहे," ते म्हणत, "फक्त तो ज्याच्या घरात असतो त्याने चार महिने कुणाला चहाला बोलावू नये." कारण स्टेशनमास्तरांच्या कुटुंबाने अळूवड्या पाठवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी कशा झाल्या म्हणून विचारलं होतं. इंदिराबाईंचा आवाज मुळातच हळू, मायेचा. त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "घशाला खाजल्या हो." ओरडून सांगितलं असतं तर एक वेळ विसरलंही असतं कुणी.

तर अशा त्या श्रावणात अनंतराव केतकर त्यांच्या दारी आले. मागून त्यांचा गडी छत्री धरून, आणि अनंतरावांच्या दोन्ही हातांत, पोटाशी धरलेलं, एक झाड.

अनंतरावांना गाव अण्णा म्हणे. कोबे म्हणून जपानात बंदर आहे, तिथे कापसाच्या पेढीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. परतताना त्यांच्या पत्नीने हे झाड आणलं, बोटीवर मांडीत घेऊन. मुंबईत पानं करपायला लागली, म्हणून दोघांनी लोणावळ्यात बंगला बांधला. लोक समजत अण्णा प्रकृतीसाठी आले. प्रकृती झाडाची होती. पुढे बाई गेल्या, अण्णा आणि झाड राहिले.

झाड म्हणजे जपानी मेपल. आंब्याएवढं व्हायचं ते वीतभर उथळ ताटलीत वाढवलेलं, हातभरही उंच नाही, पण अंगाने पुरतं म्हातारं. पानं पसरलेल्या पंजासारखी, कडेला किंचित तांबूस. बुंध्यापासून मुळं उघड्यावर निघालेली आणि कोंबडीने माती धरावी तशी चहूकडे पंजा रोवून बसलेली. खाली सगळं हिरवंगार, मखमल अंथरल्यासारखं.

"मोतीबिंदू पिकलाय," अण्णा म्हणाले. "मुंबईला जाऊन काढून घ्यायचा. दसऱ्याच्या आत येतो. तोवर हे तुमच्याकडे."

"आमच्याकडे?" चिंतामणराव म्हणाले. "अण्णा, तुमच्याकडे माळी आहे."

"माळ्याला झाडं येतात. मला धरलेलं शेवटाला नेणारं माणूस पाहिजे." ते इंदिराबाईंकडे वळले, म्हणजे त्या जिथे असाव्यात असं त्यांना वाटलं त्या बाजूला. "सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. ऊन लागू द्यायचं नाही. आणि बाकी काहीही करायचं नाही. जसं आहे तसं मला परत द्यायचं."

इंदिराबाईंनी देवापुढच्या समईला हात लावला. "जसं आहे तसं देईन."

अण्णांनी जाण्याआधी मुळांवरून एकदा बोटं फिरवली. वाचता येत नसलेली ओळ माणूस पाठ म्हणून दाखवतो, तशी. आणि गेले.

पाणी आणि सावली इंदिराबाईंना लगेच समजली. बाकी काही करायचं नाही, हे मात्र त्यांच्या मनात कुठे बसेना. पहाटे उठल्यापासून त्यांच्या घरात अशी वस्तूच नव्हती जिचं काही करायचं नाही. देवाला स्नान, तुळशीला प्रदक्षिणा, गाईला घास, उंबऱ्याला रांगोळी. दारी आलेल्या पाहुण्यावर नुसतं पाणी शिंपडायचं, हे काही बरं दिसेना. त्यांनी झाड ओसरीवर स्टुलावर ठेवलं आणि प्रदक्षिणा घालता याव्यात म्हणून स्टूल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं. चिंतामणरावांना ऑफिसला जाताना झाडाला अर्धी प्रदक्षिणा आपोआप घडू लागली.

मग शनिवार आला.

कुंडावरून त्या परतल्या तेव्हा वाडग्यात मूठभर राख उरली होती. ओसरीवर चढता चढता नजर ताटलीवर गेली. हिरवं. पायरीवर असतं तसंच, किंबहुना दाट. बिचारे अण्णा, त्यांना दिसत नसणार. इंदिराबाईंच्या डोळ्यांपुढे दत्तोबाचं ताट तरंगून गेलं. त्यांनी पदर खोचला.

त्या मन लावून घासत होत्या. शेवाळ मुळांवरही चढलं होतं, म्हणून मुळंही घासली. एका मुळाचं साल, उकडलेल्या बटाट्याचं निघावं तसं, थोडं निघालं. तेव्हा त्यांना मुळांची खरी काळजी वाटली. जवळच्या औंढे गावाच्या उतारावर बांध वाहून गेला की झाडांची मुळं अशीच उघडी पडतात, आणि एका वावटळीत झाड आडवं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तुळशीवृंदावनातली चांगली, शेण घातलेली माती आणली आणि मुळं झाकली. झाकली म्हणजे बुंध्याच्या गळ्यापर्यंत. वर हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी चिंतामणराव आले आणि थबकले. "अगं, हे झाड बुडालं का?"

"झाकलं. पाय उघडे पडले होते."

"हं," चिंतामणराव म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, की त्या हुंकारात त्यांचं सगळं म्हणणं मावत असे.

कळलं ते दोन दिवसांनी, जैतुनबी मागच्या दारी लिंबं घेऊन आली तेव्हा. जैतुनबी त्यांची परसदाराची शेजारीण. तिच्या नवऱ्याची, हमीदभाईंची, पावाची भट्टी होती, आणि ती बंगल्यांवर अंडी पोचवायची, त्यामुळे प्रत्येक बंगल्याच्या आतलं तिला ठाऊक. तिने ओसरीवर नजर टाकली आणि लिंबांची ओटी तशीच धरून उभी राहिली.

"इंदिराताई, ह्येची हिरवळ कुटं गेली?"

"कसली हिरवळ? शेवाळ होतं ते. घासून टाकलं."

जैतुनबी पायरीवर बसली. "शेवाळच हुतं. पन लावलेलं. मालकिणीनं लावलेलं, जित्ती असताना. अण्णाबाबा चिमट्यानं काड्या वेचायचा त्येच्यातल्या. कुटं वाळलं तर माज्या न्हाणीमागनं न्यायचा, कागदात बांधून, तुमी परसाद नेता तसा."

इंदिराबाईंच्या हातातलं तांब्याचं भांडं हलकेच खाली टेकलं.

"आन् मुळं?"

"झाकली."

"ती तर त्यानं उघडी ठिवलेली. येईल त्याला मुळंच दावायचा. मला म्हनायचा, जैतुनबी, पानं काय, समद्याच झाडांना असत्यात."

 वळचणीचं पाणी पडत होतं. मग इंदिराबाई म्हणाल्या, "तुझ्या न्हाणीमागे अजून असेल ना गं?"

जैतुनबीने त्यांच्याकडे पाहिलं. "गेल्या शनवारी माजी सासू घसरंल म्हनून तुमीच घासून गेलात की."

इंदिराबाईंना आठवलं. न्हाणी, मागची भिंत, शेजारची नाली, आणि हात लागला म्हणून भट्टीचा उंबरठाही. त्या उठल्या, परसातून गल्लीत गेल्या आणि शेवाळ शोधू लागल्या. दोन्ही बाजूंना, देवळापासून भट्टीपर्यंत, त्यांचाच पुण्यसंचय चमकत होता. भर श्रावणात, भर लोणावळ्यात, बोटभर शेवाळ नव्हतं.

"समद्या गावाचं खरवडलंत," मागून जैतुनबी म्हणाली, "आता बसा हुडकत." पण म्हणताना तिने साडी खोचली होती.

आधी मुळांचं पाहिलं. जैतुनबी म्हणाली, माती हाताने ओढली तर मुळं दुखावतील, मी कोंबडीचं पीस आणते. इंदिराबाई घुटमळल्या. ओसरीला लागूनच देवघर. "मोरपीस चालेल का?"

"चालंल. मोर बी कोंबडीचाच पावणा हाय, फकस्त कापडं भारी."

देवघरातल्या मोरपिसाने रोज थोडी थोडी माती झाडायची, असं ठरलं. माती सरली तसं दिसलं, की आतल्या ओलीत मुळांना पांढरी लव फुटली आहे, कोवळी, दुधासारखी. एकदम हवा लागली तर वाळून जाणार. म्हणून उघडी पडलेली मुळं ओल्या फडक्याने झाकायची आणि दुसऱ्या दिवशी फडकं जरासं मागे सारायचं. बाळंतिणीला वाऱ्याला काढावं तसं सावकाश. साल निघालेल्या मुळावरून मात्र पीस फिरवताना इंदिराबाई डोळे मिटून घेत.

शेवाळासाठी चिंतामणरावांना स्टेशनावर धाडलं. इंजिनांना पाणी भरायच्या सोंडेसारख्या नळाखाली रेल्वे कंपनीचा विटांचा ओटा होता, त्यावर भरपूर शेवाळ होतं. ते चमच्याने खरवडत उकिडवे बसले असताना रुळांचे सांधे बदलणारा बजरंग सांधेवाला येऊन उभा राहिला.

"बाबू, काय हरवलं व्हय?"

"नाही. शेवाळ काढतोय."

बजरंगने थोडा विचार केला. "कंपनीचं?"

चिंतामणरावांचा चमचा थांबला. आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं तोलण्यात गेलेली. हे कुठल्या दराने जावं, हे त्यांना सुचेना. त्यांनी शेवाळ धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि फलाटावरून अशा चालीने गेले की मास्तरांनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी उत्तरही दिलं नाही. इतकं करून ते शेवाळ इंजिनाच्या धुराचं. ताटलीत लावलं आणि दोन दिवसांत काजळीसारखं काळं पडलं.

मग इंदिराबाई स्वतः निघाल्या. रविवारी, बाजाराच्या पलीकडच्या जुन्या भिंतीशी, चमच्याने शेवाळाची एक चकती अलगद सोडवून ओल्या पंच्यावर ठेवत होत्या. नंदाबाई वाण्यांनी ते पाहिलं. नंदाबाईंचं किराणा दुकान गावाच्या मध्यावर होतं आणि तोंड त्याहून मध्यावर.

"इंदिराबाई, हे कसलं व्रत?"

"व्रत नाही हो. माझ्या हातून चूक झाली, ती निस्तरतेय."

नंदाबाई दुकानात आल्या त्या हात जोडूनच. "सांगत नाहीत," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "म्हणजे मोठंच असणार. पापक्षालनाचं आहे, एवढं तोंडून निसटलं. जी बाई वर्षानुवर्षं शेवाळ घासते ती आज शेवाळ पंच्यावर घेऊन चालली आहे. काही दृष्टान्त झाल्याशिवाय होतं का हे?"

सोमवारी सकाळी इंदिराबाईंनी दार उघडलं तर ओसरीवर दोन सवाष्णी. हातात तबक, तबकात हळदकुंकू, विडा, आणि मध्ये शेवाळ.

"अहो, हे व्रत नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

"हो हो," त्या दोघी म्हणाल्या आणि तबक ठेवून पाया पडल्या. एकीच्या जावयाची बदली अडली होती, दुसरीचा गुडघा. निघताना गुडघेवालीने विचारलं, "ह्याला पालेभाजी चालते का?"

इंदिराबाईंना सत्याचा नेम होता. पालेभाजी न चालायचं काही कारण नव्हतं. "चालते," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत गावभर झालं, की शेवाळाच्या व्रताला पालेभाजी चालते.

मग ते थांबेना. केळीच्या पानावर शेवाळ, परातीत शेवाळ, एकीने तर चांदीच्या वाटीत आणलं. इंदिराबाई प्रत्येकीला हळू आवाजात सांगत, की हे व्रत नाही, तुमचा गैरसमज झाला आहे. आणि प्रत्येक जण, व्रत असं गुप्तच ठेवायचं असतं म्हणून, आणखी वाकून नमस्कार करी. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही, असा अनुभव त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

"मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का हो?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"तू म्हटलं असतंस की हो, व्रतच आहे, तरी आल्याच असत्या," चिंतामणराव म्हणाले, आणि चहाचा पेला घेऊन ओसरीवर गेले. तिथून धप्प असा आवाज झाला. त्या घरात शेवाळावरून पडलेला तो पहिला माणूस.

आणलेलं बहुतेक शेवाळ निरुपयोगी निघालं. कुठलं लांब केसांचं, कुठलं नुसतं बुळबुळीत. आजवर इंदिराबाईंना शेवाळ म्हणजे एकच ठाऊक होतं, जे घासायचं ते. आता बोटाला फरक कळू लागला. चालणारं असं पहिलं आणलं बयाबाईने. ती औंढ्याहून दूध घेऊन यायची. पळसाच्या द्रोणात आणलं होतं.

"वहिनी, आमच्या बांधावरलं हाय. लय बारीक हाय, वासराच्या नाकावानी."

इंदिराबाईंनी हात लावला. खरंच वासराच्या नाकासारखं होतं, गार आणि मऊ. त्यांनी ते ताटलीत मुळांच्या मधोमध ठेवून तळव्याने दाबलं, वर पाणी शिंपडलं, आणि रोज सकाळी आधी देवाला, मग त्या चकतीला पाहू लागल्या. ती पिवळी पडली नाही. भाद्रपद सरता सरता ताटली पुन्हा हिरवी झाली. सगळीकडे सारखी नाही, ठिगळं दिसत होती, पण हिरवी.

त्या शनिवारी कुंडावर घासताना एका कोपऱ्यात बारीक, दाट शेवाळ दिसलं. हात तिथे गेला आणि थांबला.

"बाई, कोपरा ऱ्हायला," वरून दत्तोबा म्हणाला.

"राहू दे. तिथे कुणाचा पाय पडत नाही."

मग स्टेशनावर तार आली, की केतकर उद्याच्या गाडीने येत आहेत. चिंतामणराव घरी आले ते विचार करूनच.

"तू उद्या मौन धर."

"कशासाठी?"

"देवासाठी. श्रावणात धरायचीस की सोमवारी. बोललीस तर खरं बोलशील. बोललीच नाहीस तर खोटं बोलायचा प्रश्न नाही. दोन्ही नेम शाबूत. अण्णांशी मी बोलतो. झाड हिरवं आहे, मुळं उघडी आहेत, त्यांना एका डोळ्याने काय दिसणार?"

इंदिराबाईंनी झाडाकडे पाहिलं. जसं आहे तसं देईन, असं त्यांनी समईला हात लावून सांगितलं होतं. हे तसं नव्हतं. पण हे आपल्या तोंडाने अण्णांना सांगायचं, आणि घासलेलं शेवाळ कुणाच्या हातचं होतं हेही सांगायचं, या विचारासरशी त्या झाडाकडे पाठ करून वाती वळत बसल्या. सकाळी त्यांनी मौन धरलं. देवापुढे हात जोडताना मात्र, कशासाठी, हे त्यांना म्हणवेना.

अण्णा आले. एका डोळ्यावर हिरवी झापड, दुसऱ्यापुढे जाड काच. मागच्या दारी जैतुनबीही येऊन उभी राहिली होती, हातात अंड्यांची टोपली, पण अंडी कुणालाच नको होती.

"इंदिराबाई?"

"तिचं आज मौन आहे," चिंतामणराव घाईने म्हणाले. "बसा अण्णा. यंदा पाऊस फार झाला."

अण्णा स्टुलाशी बसले. त्यांनी काचेतून पाहिलं नाही. सवयीने बोटं पुढे केली. बोटं हिरवळीवरून गेली, थांबली, पुन्हा मागे आली. मग मुळांवर. पहिलं, दुसरं. साल निघालेल्या मुळावर येऊन ती थबकली आणि तिथेच राहिली.

"हे इथे काय झालं?"

"तिथे ना," चिंतामणराव म्हणाले, आणि त्यांनी छताकडे पाहिलं. "उंदीर. यंदा उंदीर फार."

दाराआडून जैतुनबी हळूच म्हणाली, "या अल्ला."

इंदिराबाईंच्या डोळ्यांपुढे नुकताच विसर्जन केलेला गणपती आला आणि त्याच्या पायाशी बसलेला तो मुका जीव. गळ्यापर्यंत आलेलं आणखी आत ढकलणं त्यांना जमेना.

"उंदीर नाही," त्या म्हणाल्या. "मी."

अण्णांनी मान वळवली. "तुमचं मौन होतं ना?"

"होतं. मोडलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, त्याच हळू आवाजात. राख, नारळाची शेंडी, तुळशीची माती, मोरपीस, कंपनीचं शेवाळ. चिंतामणराव कौलं मोजत होते. सांगून झाल्यावर दाराआड अंड्यांच्या टोपलीची काडी मोडली.

"सगळं घासलंत?"

"सगळं."

"राखेने?"

"राखेने."

"तिने लावलेलं होतं ते."

"मला नंतर कळलं. पण तुम्ही काही करू नका म्हणून सांगितलं होतं, ते मला आधीच कळलं होतं. मला नुसतं राहवलं नाही."

अण्णा काही बोलायच्या आत अंगणातून बांगड्या वाजल्या. नंदाबाई वाणी आणि मागे आणखी तिघी, प्रत्येकीच्या हातात तबक. मालक आज येणार हे तारेबरोबरच गावाला कळलं होतं, इंदिराबाईंचं मौन सकाळच्या दुधाबरोबर, आणि नंदाबाईंनी हिशेब केला होता, की ज्या झाडासाठी व्रत, त्याचा धनी आला म्हणजे आज उद्यापन.

"मौन सोडलंत?" त्यांनी ओसरीवर चढता चढता इंदिराबाईंना विचारलं. "म्हणजे आम्ही वेळेवर आलो." आणि अण्णांना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, तबक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि नमस्कार केला.

अण्णांनी तबकात बोट घातलं. "हे काय?"

"शेवाळ," नंदाबाई म्हणाल्या. "व्रताचं. माझी पित्ताची डोकेदुखी दोन सोमवारांत थांबली. ह्यांच्या जावयाची बदली झाली. आणि पालेभाजी चालते."

"मी सांगितलं होतं, हे व्रत नाही," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघा, अजून सांगत नाहीत," नंदाबाई कौतुकाने म्हणाल्या.

अण्णांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ते रडताहेत. मग आवाज फुटला. ते झापडीवर हात दाबून हसत होते, आणि हसता हसता म्हणत होते, "नको, नको, मला डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे." तबक मांडीवरून घसरलं. चिंतामणरावांनी ते धरायला पाऊल टाकलं, आणि त्यांच्या पायांनी पुन्हा एकदा ओसरी सोडली.

बायका गेल्यावर अण्णांनी जाड काच सारखी केली आणि झाडाला इतकं जवळ नाक नेलं, की पानं हलली. पुष्कळ वेळ पाहिलं.

"बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "बोटांना वाटायचं मुळं जाड झाली. मुळं नव्हती, शेवाळ चढलं होतं वर. ती असती तर तिने चढू दिलं नसतं. खाली ठीक, मुळांवर नाही, म्हणायची." त्यांनी साल निघालेल्या जागी अंगठा ठेवला. "पण हे राहणार. हे भरून येत नाही."

"हो," इंदिराबाई म्हणाल्या.

"शब्द मोडलात तुम्ही."

"मोडला. आणि आज मौनही."

"मग प्रायश्चित्त घ्यायला हवं."

"सांगाल ते."

अण्णांनी मांडीवर सांडलेलं शेवाळ झटकलं. "दर शनिवारी कुंडावरून निघालात की माझ्याकडे यायचं. जैतुनबीलाही आणा. व्हरांड्यात झाडासमोर बसायचं, चार घटका. आणि काहीही करायचं नाही."

"नामजप केला तर?"

"नाही."

"वाती वळल्या तर?"

"काहीही नाही."

इंदिराबाईंनी आजवर निर्जळी एकादश्या केल्या होत्या, लक्ष वाती वाहिल्या होत्या, पण इतका कडक नेम त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी मान डोलावली.

कार्तिकातल्या एका शनिवारी त्या केतकरांच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. झाडाची पानं लाल होत चालली होती. जैतुनबी खांबाला टेकून सुखाने घोरत होती. तिला हा नेम पहिल्या दिवसापासून साधला होता. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. इंदिराबाईंचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले. समोर उतरायची पायरी होती, आणि पायरीच्या डाव्या कडेला, बरोबर पाय पडतो तिथे, टिचभर हिरवं.

त्यांनी झाडाकडे पाहिलं. मग पायरीकडे. मग झाडाकडे. पदराचं टोक बोटाभोवती हळूच गुंडाळलं गेलं.

"इंदिराबाई," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

पदर सुटला. हात मांडीवर परत आले.